हिवाळ्यात सोडलेली फट

आमचे हे रुळाचे मिस्त्री. भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा आतली रेल्वेलाइन टाकणाऱ्या गँगवर होते. बायकोशी दोन शब्द धड बोलायचे नाहीत, पण रुळाच्या जोडापाशी उकिडवे बसले की तासभर पुटपुटत राहायचे. एका उन्हाळ्यात ट्रॉलीवरून उतरताना स्वतःचाच पाय चुकला आणि उजवा गुडघा मोडला. प्लास्टर निघालं, पण पाय काही वाकेना. डॉक्टरांनी सांगितलं, लाइनवरची पायपीट आता विसरा. साहेब माणूस चांगला, त्यांनी स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं. यांनी मान डोलावली, घरी आले आणि म्हणाले, गावी जाऊ.

गाव म्हणजे विदर्भातलं आमचं खेडं. आम्ही बौद्ध झालो होतो, पण विहिरीला ते कोण सांगणार? तिथे कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर घागर घेऊन उन्हात उभं राहायचं. भिलाईत मरोद्याकडच्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीला एक नळ होता आणि माझ्या बादलीच्या मागे कुणाचीही बादली लागायची. दोन्ही मुली शाळेत जायला लागल्या होत्या. मी स्पष्ट सांगितलं, मी येणार नाही. ते म्हणाले, खुर्चीत बसवून पोसणं म्हणजे दयाच ती. मग भिंतीकडे तोंड करून जे पडले, ते महिनोन् महिने तसेच. मी आदळआपट केली, अबोला धरला, मुलींना पुढे घातलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेजारी वर्ध्याकडचे एक क्लार्क राहायचे, कारखान्याच्या ऑफिसातले. थंडीच्या दिवसांत एका सकाळी ते सुपात खेळण्यातले रूळ घेऊन आले. सव्वीस जानेवारीला क्लबात कारखान्याचा देखावा करायचा होता. पुठ्ठ्याची भट्टी तयार होती, तिच्याभोवती विजेवरची गाडी फिरवायची होती. अर्धे रूळ मायदेशी परतलेल्या एका रशियन इंजिनिअरनं दिलेले, त्यांच्याबरोबर इंजीन आणि करंटची पेटी. उरलेले क्लार्कभाऊंच्या मेहुण्यानं कलकत्त्याहून आणलेले, इंग्लंडचे. दोन्हींची रुंदी सारखी, पण एकाचा रूळ उंच, दुसऱ्याचा बुटका. एकाला टोकाशी खिळा, दुसऱ्याला पत्र्याची चिमटी. एकमेकांत बसायचं नाव नाही.

मला रागच आला. आजारी पोराला द्यावं तसं खेळणं घेऊन आले, असं वाटलं. मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात हे भिंतीकडून वळले. एक तुकडा उचलला, डोळ्याजवळ धरला आणि मला खिडकी उघडायला सांगितली.

मग घराची पार रया गेली. माझा पोळपाट ठोकाठोकीला गेला, तुपाचा रिकामा डबा गेला. डब्याचा पत्रा कापून त्यांनी नखाएवढ्या फिशप्लेटी केल्या, म्हणजे दोन रुळांची टोकं बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्या. बुटक्या रुळाखाली काडेपेटीची सालं सरकवली आणि दोन्ही माथे बोटानं चाचपून एका पातळीत आणले. भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या बाजारातून बारीक कानस आणायला मीच गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कानशीसाठी घासाघीस केली. दुपारी जेवायला हाक मारली की उत्तर यायचं, हो, आलो. यायचे मात्र नाहीत. मला तर इतका आनंद झाला होता की मी ताटावर ताट झाकून गुपचूप बसायची.

शेवटी क्लार्कभाऊ ऑफिसला निघण्याआधी गाडी लावली. रशियन रुळावर ती छान निघाली. पहिल्या जोडाशी आली, इंग्लंडच्या रुळावर चढली आणि थांबली. ढकलली, पुन्हा थांबली. यांचा चेहरा उतरला.

क्लार्कभाऊंनी खाली वाकून पाहिलं. प्रत्येक जोडाला बारीक फट होती आणि फिशप्लेटीला आतून ग्रीस चोपडलेलं. फट आणि ग्रीस कशाला, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, हिवाळ्यात रूळ टाकला तर फट सोडावीच लागते, उन्हाळ्यात रूळ वाढतो, जागा नसली तर वाकतो. ग्रीस नसलं तर सरकणार कसा? क्लार्कभाऊ हळूच म्हणाले की ही गाडी रुळातल्या करंटवर चालते, जोड घट्ट लागला नाही तर करंट पुढे जाणार कसा?

यांनी एका फटीत नख घालून पाहिलं. मग हसू लागले, खांदे हलेपर्यंत.

“घरात कुठचं ऊन लागून राहिलं याले?”

अपघातानंतर मी हे हसू पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं ग्रीस पुसलं, पक्कडीनं जोड आवळले, फटी मिटवल्या. गाडी सुटली आणि पूर्ण फेरा मारून आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

क्लार्कभाऊ चपला घालता घालता म्हणाले, स्टोअरमध्येही हेच झालंय. रशियाच्या फिशप्लेटी आणि आपल्याकडच्या एकाच ढिगात पडल्यात, कुठली कशाला बसते ते आम्हा लिहिणाऱ्यांना कळत नाही, गँगवाले रिकाम्या हातानं परत जातात. साहेबांनी तुम्हाला देऊ केलेलं काम ते हेच, अजून तसंच पडलंय. यांचं हसू मावळलं. तोंडातल्या तोंडात म्हणाले, खुर्चीत बसून काम असते काय कुठं?

माझा संयम सुटला.

“अन् इतके दिवस काय करून राहिले तुमी? बसूनच तर केलं सारं. यात कोनाची दया होती, सांगा मले.”

परक्या माणसासमोर मी नवऱ्याला असं कधी बोलले नव्हते. क्लार्कभाऊ दारातच थबकले. गाडी आपली फिरत होती. यांनी पेटीचं बटण बंद केलं. माझ्याकडे पाहिलंच नाही, क्लार्कभाऊंकडे पाहिलं.

“साहेबाले सांगजा भाऊ, खुर्ची जराशी उंच पायजे. पाय वाकत नाही माहा.”

मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि पदर तोंडात कोंबून पोटभर रडले. आम्ही इथेच राहणार होतो.