गाळलेल्या ओळी

माझ्या सासूबाई शैलजा सोलापुरात बँकेत होत्या. बँकेच्या हौशी नाटकमंडळीत त्यांनी तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य पुरवायचं. अमेरिकेत पिस्कॅटवेला आमच्याकडे आल्यापासून मात्र त्यांच्याकडे कुणी अडखळत नव्हतं. मालिकांतल्या पात्रांना त्या सोफ्यावरून वाक्यं पुरवायच्या, तेवढंच.

म्हणून माझ्या मुलीनं, इलानं, त्यांना युनिव्हर्सिटीच्या नाटकात ओढलं तेव्हा मला बरं वाटलं. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्लिश नाटक, महाचावट: म्हातारा सोनार, त्याची तरुण बायको आणि सारखा मापं घ्यायला येणारा शिंपी. इला स्टेज मॅनेजर होती. टॅबलेटवरची संहिता आजीला वाचवेना, म्हणून तिनं लायब्ररीतून मोठ्या टायपाचं जुनं पुस्तक आणून दिलं.

पहिल्या तालमीपासून गोंधळ. सासूबाई ओळीवर बोट ठेवून बसायच्या आणि नट भलतंच बोलायचे. पुस्तकातला शिंपी माप घेऊन निघून जायचा. इथला निघायचं नावच घेत नव्हता. त्यांनी पुढचं वाक्य दिलं की सोनार झालेला देवांग गडबडायचा, "आंटी, वी आर नॉट देअर येट." सगळे हसायचे. कशाला हसले, ते पुस्तकात सापडायचं नाही. आजींचं वय झालं, असं सगळ्यांनी समजून घेतलं. मीसुद्धा.

"सुनेत्रा, वाक्यंच्या वाक्यं निसटतात गं माझी," एकदा त्या म्हणाल्या. त्यांच्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिनं पोटच्या मुलाला ओळखलं नाही. मी घाबरले, आणि घाबरले की मी अपॉइंटमेंट घेते. स्मृतीच्या डॉक्टरची फोन करून घेतली. सासूबाईंना सांगितलं, डोळे तपासायचेत.

प्रयोगाच्या चार दिवस आधी इला ते पुस्तक घेऊन किचनमध्ये धावत आली. "मम्मा, रीड धिस! आजी इज फाइन!" प्रस्तावनेत लिहिलं होतं: सभ्य स्त्रियांना वाचता यावं म्हणून अनुचित भाग वगळला आहे. दीडशे वर्षांपूर्वी कुणा सज्जनानं सगळा चावटपणा कापून कडा नीट जुळवल्या होत्या. आणि प्रस्तावना काय कुणी वाचत नाही.

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. आधी रडल्या, मग भडकल्या. "मेल्यानं मला विचारलं होतं का? माझ्यासाठी गाळलं म्हणे!"

मी ओटा पुसत राहिले. डॉक्टरचं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

इलानं खरी संहिता मोठ्या अक्षरांत छापून दिली. रविवारी दुपारच्या प्रयोगात देवांग नेमका सगळ्यात चावट ओळीवर अडला. मग विंगेतून सासूबाईंनी ती ओळ दिली, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत. हशानं थिएटर दणाणलं. मला ओळ कळली नाही, पण अभिमान इतका वाटला की टाळ्या मीच सगळ्यांत शेवटी थांबवल्या.

परतताना गाडी चालवता चालवता मी विचारलं, "आई, त्या ओळीचा अर्थ काय हो?"

"आधी तू सांग. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय की डोक्याच्या?"

तीस वर्षं दुसऱ्यांची पुटपुट ऐकलेल्या बाईच्या शेजारच्या खोलीत मी तो फोन केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डोक्याच्या," मी म्हणाले. "चुकलं माझं. कॅन्सल करते."

"नको करूस. जाऊ या. पण यापुढे माझ्यासाठी काही गाळायचं नाही."

मग त्यांनी त्या ओळीचा अर्थ सांगितला, एक शब्दही न गाळता, आणि माझा हायवेवरचा एक्झिट चुकला.