पिस्ता रंगाचं दार

बरकतपुऱ्याच्या एकनाथरावांनी उभ्या आयुष्यात रंगवली होती ती पोळ्याच्या बैलांची शिंगं, आणि तीही उदगीरकडच्या गावी, चड्डीत असताना. पुढे हैदराबादेत पाटबंधाऱ्यात नोकरी केली आणि भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा माणूस बोलावला. असा हा गृहस्थ म्हातारपणी स्वयंपाकघरातल्या कपाटांसमोर ब्रश घेऊन उभा राहिला.

कारण शिवराज. एकुलता मुलगा, हायटेक सिटीत कॉम्प्युटरवाला. कोंडापूरच्या फ्लॅटात त्याचं स्वयंपाकघर इतकं चकचकीत, की फोडणी द्यायला संकोच वाटावा. तो फोनवर म्हणाला, "बाबा, आई गेल्यापासून ते घर अंधारकोठडी झालंय. रविवारी येऊन बघतो. तुमच्यानं होत नसेल तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं, बस्स."

अंधार होता तो कपाटांचा. घरोघरी केबल आणि सनमायका एकदमच शिरले, तेव्हा शिवराजच्या आईला, सुशीलाबाईंना, पिस्ता रंग हवा होता. एकनाथरावांनी मळखाऊ म्हणून तपकिरी आणला. "अहो, हे स्वयंपाकघर आहे की तुमच्या ऑफिसातली फाइल?" असं त्या अखेरपर्यंत म्हणत राहिल्या.

काचीगुड्याचे रंगवाले रहीमभाई म्हणाले, "साब, सनमायका चिकना रहता. पहले घिसो. खरोंचां पडे तोच रंग पकडता. नहीं तो पूरा छिलके निकल जाता."

एकनाथराव पॉलिश पेपर घेऊन ओरखडे पाडत घासायला बसले. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दारांनाच दटावत होते. अशात चहासाखरेच्या डब्यांचं दार आलं. मुठीभोवती बारीक, अर्धगोल ओरखडेच ओरखडे. सुशीलाबाईंच्या लाडबाजारच्या बांगड्यांचे. पहाटेच्या चहाचे, पाहुण्यांच्या चहाचे, भांडणानंतर आदळलेल्या चहाचे.

पॉलिश पेपर हातातच राहिला.

"हे तू आधीच घासून ठेवलंयस की," ते म्हणाले, आणि त्या दाराला तसाच रंग फासला.

रविवारी शिवराज आला तो बघतच राहिला. "क्या बात है बाबा! हे तुम्ही केलं?"

"मग कोण, रहीमभाई?" एकनाथरावांची छाती फुगली. "बस, चहा टाकतो."

"तुम्ही बसा हो," म्हणत शिवराजनं नेमकं तेच दार ओढलं. रंग चौकटीला चिकटला होता. दार आलं, रंग मागेच राहिला, दुधावरची साय निघावी तसा अख्खा पदर सुटून लोंबू लागला. खाली तोच जुना तपकिरी. फक्त मुठीभोवती पिस्ता रंगाच्या बारीक चंद्रकोरी घट्ट धरून बसल्या होत्या.

"हे घासलं नव्हतं?"

"नाही."

"का पण?" म्हणत तो वाकला. एका कोरीवरून त्यानं अंगठा फिरवला आणि तिथंच थांबला. "आईच्या बांगड्या?"

"हौ."

लोंबता पदर शिवराजनं हळूच सोडवला, कोरींना धक्का न लावता.

"सामानाचं राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "मीच रविवारी येत जाईन. चहाला."

तो गेला. एकनाथराव जिंकले होते, आणि ते सांगायचं कुणाला म्हणून पुन्हा दारापाशी आले.

"घर राहिलं बरं का," ते म्हणाले. "आणि रंगही पिस्ताच आणलाय. आता तरी छान म्हण."

मग त्यांनी एकट्यापुरता चहा टाकायला डबा काढला. मनगटातलं घड्याळ दाराला घासलं. आवाज झाला, पण बांगड्यांचा नव्हे.