आधीचा अंगठा

साहेबांनी माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. विचारलंसुद्धा नाही. समोर खुर्च्यांवर शहरातून आलेले पाहुणे बसले होते.

"आधी ही अंगठाबहाद्दर होती," साहेब माइकवर म्हणाले. "डोंगरातून आलेली. आता बघा, सही करते. आधी अंगठ्याचा फोटो घ्या, मग सहीचा."

पाहुणे हसले. टाळ्या वाजल्या. बोईसरच्या आमच्या कारखान्यात, मागच्या शेडमध्ये, आम्हा बायांच्या साक्षरता वर्गाचा हा समारंभ होता. मला सून आलेली आहे. आणि माझा अंगठा तान्ह्या पोराच्या मुठीसारखा धरून हा माणूस लोकांना दाखवत होता.

"केसांना पूस," साहेब हळूच म्हणाले. "सतरंजीला लागेल."

आमच्यात ती सवयच आहे. अंगठा उठवला की उरलेली शाई केसांना पुसायची. आई पुसायची, मीही पुसत आले. काळ्या केसांत कुणाला दिसत नाही. त्या दिवशीही हात आपोआप डोक्याकडे गेला. आणि मध्येच थांबला. मला मुन्नी आठवली.

मुन्नी बिहारची. कारखान्याजवळच्या सालवड गावात माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. आम्ही दोघी याच कारखान्यात ठेकेदाराकडे रसायनांचे रिकामे ड्रम धुवायला होतो. एका ड्रममध्ये तिने पाण्याचा पाइप सोडला आणि आतलं उरलंसुरलं फसफसून वर आलं. तिच्या हाताची कातडी सोलून निघाली. हेच साहेब धावत आले. आधी ड्रम बघितला, मग तिला.

"पाणी घालू नका, असं हिंदीत लिहिलंय ना? डोळे फुटले होते का?"

मुन्नी रडत एवढंच म्हणाली, "हमको पढ़ना कहाँ आता है, साहब."

ती गावाला गेली ती गेलीच. त्यानंतर हा वर्ग निघाला. वर्ग पुरा करणारीला ड्रमावरून काढून पॅकिंगचं मशीन शिकवणार, असं साहेबांनी सांगितलं. मशीन मला हवंच होतं. पण त्याहून जास्त ड्रमावरचं वाचायचं होतं. शिकवणारी पोरगी पाटीवर नाव काढून द्यायची, आम्ही गिरवायचो. रोज तेच. माझंच नाव, रांगोळीसारखं.

"बाय, दुसरी अक्षरं कवा?" मी विचारलं.

"सही आली की झालं. साहेबांनी तेवढंच सांगितलंय."

मशीनच्या आशेने मी गिरवत राहिले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ड्रमापाशी गेलं की मी पाइप लांबूनच धरायचे.

आणि आता फोटोवाला समोर उभा होता. मी शाईचा अंगठा तसाच ठेवला आणि माइकजवळ गेले.

"सही मला येते. पन ड्रमावरचं वाचता येत नाय. तुमी शिकवलंच नाय. मुन्नीचा हात भाजला तो काय सही येत नव्हती म्हनून? आमाला वाचायला शिकवा. तवर फोटो नाय."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"या लोकांना उपकाराची जाणीवच नाही," ते म्हणाले. "मशीन विसर आता."

विसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्रम. मी पाइप उचलला नाही. लिहिलेली बाजू पुढे वळवली आणि मुकादमाला म्हटलं, "आधी वाचून दाखव. मग धुते."

त्याने शिव्या घातल्या. मी उभीच राहिले. शेवटी ड्रम साचायला लागले तेव्हा त्याने वाचलं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून त्याला पुन्हा वाचायला लावलं. आता रोज लावते. तो चिडतो. चिडू दे. माझ्या मागच्या बायाही आता पाइप खाली ठेवून उभ्या राहतात.

काढून टाकतील, मला माहीत आहे. दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर जाईन. तिथेही कामाला हात लावायच्या आधी विचारीन, यावर काय लिहिलंय? आणि हा अंगठा आता कुणाच्या सांगण्यावरून केसांना पुसणार नाही.