नळ दाबू नका!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मला मधे थांबता येत नाही, आणि शेवटाला तुम्ही हसलात तर मला तुमच्याकडे बघवणार नाही. चूक झाली माझ्या हातून. हातून तरी कसली, एका बोटातून! पण तिथवर यायला आधी आणखी दोन चुका लागल्या, त्याही माझ्याच.

माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. मला दम नाही. चहा जरा निवू दे म्हणतील, मी जीभ भाजून घेणार. नऊची एस्टी असेल तर मी आठला स्टँडवर, आणि साडेआठला कंटाळून वडापच्या जीपमधे. त्यात धंदा पंपदुरुस्तीचा. आमच्याकडे सुपारीच्या वाड्या. वाडी तिथे विहीर, विहीर तिथे मोटर, आणि मोटर बंद पडली की फोन सुधीरला. बसून राहणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊकच नाही.

आमची सुनंदा बरोबर उलटी. शांत. पण एकदा मनात घेतलं की समुद्र हलेल, ही हलायची नाही.

तिनं मनात घेतलं होतं ते पाणी. आमची वरची आळी चढावर. पंचायतीचं पाणी तिथपर्यंत चढतच नाही. लग्न होऊन आल्यापासून अठरा वर्षं ही बाई खालच्या विहिरीवरून डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी घेऊन चढतेय. नवरा पंपवाला, आणि बायकोच्या मानेला पट्टा! लाज वाटायची हो मला. पण पंचायतीनं लाइन टाकल्याशिवाय माझा पंप काय करणार?

म्हणून ती पंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली. वर्षभर बचत गटाच्या बायकांना सांगत होती, "मी निवडून आले की घरोघर नळ. चिन्हसुद्धा मी नळच मागणार." वॉर्डात तीन जागा. दोन बिनविरोध झाल्या. उरली ही एक, आणि समोर वसंतशेठ, तीनदा निवडून आलेला माणूस.

अर्ज भरायच्या वेळी ती म्हणाली, "अवो, छाननीत माझा अर्ज उडाला तर? डमी कोणतरी पायजे."

डमी म्हणजे काय, की दुसऱ्या कोणीतरी राखीव अर्ज भरून ठेवायचा. आपला मंजूर झाला की त्यानं मागे घ्यायचा. मी म्हटलं, मी कशाला आहे? शेजाऱ्याला सूचक केला, तिचा अर्ज समोर ठेवला आणि सटासट उतरवून काढला. माझं नाव आणि माझे कागद तेवढे वेगळे, बाकी मक्षिकास्थाने मक्षिका. डमीचा अर्ज, कोण वाचतंय!

ही चूक पहिली. लक्षात ठेवा.

छाननीत दोन्ही अर्ज मंजूर. आता मला फक्त एकच काम होतं. ठरलेल्या दिवशी तालुक्याला जायचं आणि दुपारी तीनच्या आत अर्ज मागे घ्यायचा. एक सही! शेंबड्या पोराला जमेल असं काम.

मी अर्थातच दहा वाजताच हजर. कारकून म्हणाला, "अकराला सुरू होईल, बसा." अकराला गर्दी झाली. "नंबर येईल, बसा." बारा वाजले. सुनंदा बाकावर शांत बसलेली, मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालतोय.

"अवो, बसा की जरा. माझं डोकं फिरतंय तुमच्याकडं बघून."

"मी चहा घेऊन येतो."

"लांब जाऊ नका."

लांब कुठे? कचेरीच्या मागे एका काकूची टपरी. चहा हातात घेतला आणि कानावर आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र. मोटर चालू, पण पाणी ओढत नाही. अहो, तुम्हाला रडणाऱ्या पोराजवळ बसून चहा पिता येईल का?

"काकू, मोटर हवा धरतेय."

"चार दिस झाले, बाबा. कोणी येतच न्हाय."

झालं! शर्ट काढला, खिळ्याला टांगला, आणि उतरलो टपरीमागच्या विहिरीच्या कठड्यावरून आत. पाइप उपसला, तळाची झडप साफ केली, त्यात ही एवढी शेवाळ! सगळं परत बसवलं, पाणी भरलं, बटण दाबलं, आणि काय धार लागली म्हणून सांगू! काकू हात जोडून म्हणाली, "देवासारखा आलास रे."

देव वर आला, हात पुसले, शर्ट घातला. खिशातल्या फोनवर सुनंदाचे अकरा कॉल. आणि वाजले होते तीन वाजून चार मिनिटं.

पळत गेलो. दार बंद. दार वाजवलं, विनवण्या केल्या. "साहेब, चारच मिनिटं! मी सकाळी दहापासून इथंच आहे हो!"

आतून साहेब म्हणाले, "मग सही करायला काय झालं होतं?"

माझ्या हाताला ग्रीस.

खरा तमाशा पुढे. चिन्हवाटप सुरू झालं. सुनंदानं पहिली पसंती लिहिली होती नळ. आणि तिचाच अर्ज उतरवून काढलेला तो शहाणा, त्यानंही लिहिली होती नळ! एका चिन्हाला दोघं म्हटल्यावर साहेबांनी चिठ्ठी टाकली. मी आयुष्यात कधी लॉटरी जिंकलो नाही. त्या दिवशी जिंकलो. नळ मला, आणि सुनंदाला कपाट.

ती माझ्याकडे बघत राहिली. रात्री जेवणं झाल्यावर ताट उचलताना म्हणाली, "वर्षभर मी बायकांना नळ नळ करून सांगितलंय. आता त्या काय दाबतील?"

बरोबरच होतं तिचं! पाणी म्हणजे सुनंदा आणि सुनंदा म्हणजे नळ, हे आळीतल्या पोराबाळांनाही पाठ होतं. ती मतं सगळी मला पडणार, आणि वसंतशेठ आरामात येणार. वसंतशेठलाही ते कळलंच. दुसऱ्या दिवशी गावभर माझेच कागद चिकटलेले, "पाणी हवंय? नळ दाबा!" कोणी चिकटवले ते काय सांगायला हवं? वर भर बोर्लीच्या बाजारात मला मिठी मारून म्हणतो कसा, "सुधीर, मर्दा, मागं हटू नकोस. मी हाय तुझ्या पाठीशी!"

काशीदहून मेव्हण्याचा फोन. "दाजी, काय झालंय तुमच्यात? ताई माहेरी येतेय का?"

"अरे, काही झालेलं नाही!"

"मग तिच्याविरुद्ध उभे कशाला राहिलात?"

काय काय आणि किती जणांना समजावू! शेवटी ठरवलं, आपणच निस्तरायचं. मतदानयंत्राच्या नमुन्याचा मोठा कागद करून घेतला. वर वसंतशेठ, मधे मी, खाली सुनंदा. तो काखेत मारला आणि निघालो घरोघर. दहा दिवस, बरं का! धंदा बंद. सगळ्या पंचक्रोशीच्या मोटरी हवा धरत बसल्या. प्रत्येक दारात कागद उघडायचा, नळावर बोट ठेवायचं आणि ओरडायचं, "हा बघा, हा! हा दाबायचा नाही!"

सगळ्यात जड गेली ती बायजाआत्या. वय ऐंशीच्या पुढे, आणि वकिलाला आडवं पाडेल अशी.

"आत्या, पाणी पायजे ना? मग नळ दाबू नकोस."

"पाणी पायजे तर नळ दाबू नको?"

"न्हाय. कपाट दाब."

"कपाटातून पाणी येनार हाय?"

"अगं, नळ म्हणजे मी."

"मग तू वाईट हायस का?"

"वाईट न्हाय, पण मला मत देऊ नकोस."

"पंप तर तूच दुरुस्त करतोस की माझा!"

"आत्या, तुझ्या पाया पडतो. हा बघ, हा. हा दाबायचा न्हाय!"

एका घरी चार चार वेळा गेलो. स्वतःला शिव्या घातल्या. म्हटलं, मी नालायक आहे, मला वेळेवर सहीसुद्धा करता येत नाही, मला कसलं मत देताय! लोक हसायचे, पण हळूहळू पटायला लागलं. शेवटच्या दिवशी मी बायजाआत्यापुढे कागद धरला, तर तिनं सरळ कपाटावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता जा, मला झोपूदे."

मतदानाला मी सातच्या आधीच रांगेत. पुढे फक्त चौघं, तरी माझी चुळबुळ चालू. डाव्या बोटाला शाई लावली, पडद्यामागे गेलो. यंत्रावर वर वसंतशेठ, मधे मी, खाली सुनंदा. दहा दिवस काखेत मिरवलेला अगदी तोच कागद. आणि माझं बोट, दहा दिवस जिथे जात होतं तिथेच गेलं.

पींऽऽऽ.

परत दाबता येतं का हो? नाही येत. मी बाहेर आलो तो पांढराफटक.

सुनंदा बायकांच्या रांगेत. "दाबलं?"

"दाबलं."

"कपाट?"

"मग काय!"

दिवसभर स्वतःला समजावत होतो. एक मत! एका मतानं काय होतंय? सगळी वरची आळी तिच्याबरोबर आहे. पण रात्री डोळ्याला डोळा नाही.

मोजणी तालुक्यालाच झाली. साहेबांनी वाचलं. वसंतशेठ एकशे एकोणचाळीस. सुनंदा एकशे अडतीस. आणि नळ, दोन.

फेरमोजणी मागितली. यंत्रानं परत तेच सांगितलं.

आता माझ्या मनात काय आलं असेल? बायको एका मतानं पडली म्हणून रडू यायला हवं होतं ना? तेही आलं. पण त्याच्या आधी आलं, दोन? म्हणजे माझ्यासारखा आणखी एक गाढव आहे! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! परत येताना सगळ्या वाटेवर मी त्या गाढवाचा उद्धार केला. "कोण असेल तो? दहा दिवस बोंबलून सांगितलं, तरी कळलं न्हाय? त्याच्या घरची मोटर पेटली तरी मी जाणार न्हाय!" गावात शिरल्याबरोबर बायजाआत्यानं गळ्याची शपथ घेतली, "मी कपाटच दाबलं रे!" आणि तिनं दाबलंच होतं. सगळ्या आळीनं दाबलं होतं.

घरी आलो. सुनंदानं पायरीवर बसकण मारली.

"आता शिव्या बस करा. त्यातलं एक मत माझं हाय."

"काय?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "दहा दिवस स्वतःच्या नावानं शिमगा करत हिंडलात. नावापुढं भोपळा आला असता तर लोकांनी जन्मभर हसून मारलं असतं तुम्हाला. सगळे म्हणत होते, मी येतेच हाय. म्हटलं, एक मत नवऱ्याला दिलं तर काय बिघडतंय?"

ही वेळ होती सांगायची. कोणाही भल्या माणसानं सांगितलं असतं. मी काय केलं? तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं! मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ दे सुनंदा. माणसाच्या हातून चूक होते."

तिनं डोळे पुसले.

"आणि दुसरं मत कोणाचं?"

"असेल कोणी येडा."

"बोट दाखवा."

मी शाई लागलेलं डावं बोट पुढे केलं.

"शाईचं न्हाय. दाबलंत ते."

उजवा हात माझ्याही नकळत पाठीमागे गेला होता.

त्यानंतर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण गप्प बसली नाही. प्रत्येक ग्रामसभेत उभी राहून पाण्याचं विचारत राहिली. एका मतानं वाचलेला वसंतशेठ, त्याला पुढची निवडणूक डोळ्यांसमोर दिसत होती. गेल्या महिन्यात वरच्या आळीत लाइन आली. घरोघर नळ बसवले ते मीच, कोणाकडून मजुरी घेतली नाही. प्रत्येक दारात एकच चौकशी, "सुधीर, हा दाबायचा की न्हाय दाबायचा?"

आमच्या घरचा नळ शेवटी बसवला. आळी जमली होती. बायजाआत्या काठी टेकत आली होती. मी पाना खाली ठेवला, बाजूला झालो आणि म्हणालो, "सुनंदा, पहिलं पाणी तू काढायचंस. हा मान तुझा."

ती हंडा घेऊन पुढे आली, खाली ठेवला, आणि हात पदराला पुसत मागे सरली.

"नको, तुम्हीच उघडा," म्हणाली. "तुमचं बोट तिकडंच जातंय."