भाकरीच्या पुढची ओळ

तीर्थपुरीपासून कोसभरावरच्या त्या गावात गावकुसाबाहेरच्या आळीला देऊळ नव्हतं, चर्चही नव्हतं. लिंबाच्या फांदीला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दिवेलागणीला झुंबरबाई तो दगडानं वाजवायची आणि आळी तिच्या ओट्यापुढं प्रार्थनेला गोळा व्हायची. जालन्याचे फादर वर्षातून एकदा, कापूस वेचून झाला की येत. परतूरपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं. उरलेलं सगळं वर्ष धर्म झुंबरबाईच्या हाती असायचा. जगण्याची आशा नसलेल्या तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा द्यायचा तर तिनंच, आणि आजाऱ्याच्या दाराशी भाकर पोचवायची तर तीही तिनंच. फादरनी तिचं नाव मार्था ठेवलं होतं. आळीनं ते मानानं बाजूला ठेवलं आणि तिला झुंबरबाईच म्हटलं.

तिला अक्षर येत नव्हतं. प्रार्थना ती जात्यावर शिकली आणि जात्यावरच शिकवायची. एक ओळ म्हणायची, जात्याच्या तोंडात ज्वारीची एक मूठ टाकायची आणि फिरवायचं. शिकणाऱ्यानं दाराशी बसून मागून म्हणायचं. अर्धी आळी तिच्या पिठाबरोबर ख्रिस्ती झाली होती.

तिचा नवरा कचरू. एका सांजेला पाटलाची कडब्याची गंजी पेटली. कचरूनं त्या साली वेठीला जायला नकार दिला होता, म्हणून पाटलाला तोच हवा होता. साक्ष द्यायला कचरूचा चुलतभाऊ कडूबा उभा राहिला. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबापुढं तो म्हणाला, "मी डोळ्यानं पाह्यलं. कचरूच्या हातात पलिता होता." त्या सांजेला कचरू ओट्यावर जपमाळ धरून बसला होता. आळीनं पाहिलं होतं, पण आळीला विचारतो कोण. कचरूला जालन्याला नेलं. तिथं कोठडीत तो तापानं गेला आणि तिथल्याच मातीत पुरला. कडूबाला पाटलाच्या गुऱ्हाळावर काम मिळालं.

झुंबरबाईनं देव सोडला नाही. तिनं फक्त एक ओळ सोडली. स्वर्गातल्या बापाच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागून झाली की पुढं येतं, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. संध्याकाळी तिथं आलं की ती दिव्याची वात सारायला वाकायची. ओळ आळी म्हणायची. वात सरळ करून ती पुढच्या ओळीला आवाज द्यायची. कुणी तिला त्याबद्दल कधी बोललं नाही.

मग एका हंगामात उसाबरोबर कडूबाचा उजवा हात चरकात गेला. त्या दिवशी झुंबरबाईनं फादरनी दिलेली, नाताळसाठी राखलेली मेणबत्ती पेटवली.

"देवा, बराबर केलंस," ती म्हणाली.

पाटलानं कडूबाला गुऱ्हाळावरून काढलं. तो आळीत परतला, हाताला चिंध्या बांधून, अंगात ताप घेऊन. आजाऱ्याला भाकर हा तिचाच नेम होता. ती रोज त्याच्या उंबऱ्यावर भाकर ठेवायची. भाकर दिली, नजर दिली नाही.

ताप उतरल्यावर तोच तिच्या दाराशी आला.

"वैनी, मला प्रार्थना शिकव. फादर येतील तवा पाणी घ्यायचंय मला."

"हात गेला तवा देव आठवला?"

"व्हय," कडूबा म्हणाला. "तवाच आठवला."

ती जात्यापाशी बसली. फादरचा नियम तिला ठाऊक होता. ज्याला बापाची प्रार्थना सगळी येत नाही त्याला बाप्तिस्मा नाही, त्यानं पुढल्या कापसापर्यंत थांबायचं. साऱ्या आळीपुढं त्यानं चुकावं, परत पाठवला जावा, दर वर्षी परत पाठवला जावा, असं तिला वाटलं. 

"बस तिथं. आन् संध्याकाळी आमच्यात यायचं न्हाई. शिकल्यावर ये."

पहाटे पहाटे तिनं त्याला शिकवलं. स्वर्गातला बाप, त्याचं नाव, त्याचं राज्य, रोजची भाकर. आणि भाकरीवरून सरळ ‘मोहात पाडू नकोस’ ही ओळ. मधल्या जागी हात सवयीनं जातं फिरवायचा, पण मूठ पडायची नाही. दगडावर दगड घासायचा. कडूबा मान खाली घालून ऐकायचा.

कापूस आटोपला. फादर आले. ओट्यापुढं आळी बसली. झुंबरबाई मुद्दाम पुढं बसली, कडूबाचं तोंड दिसावं म्हणून.

कडूबानं प्रार्थना म्हटली. भाकर मागितली आणि थेट पुढं गेला. आळीत चुळबुळ झाली. फादरनी विचारलं, "मधली ओळ कुठं गेली? मार्थाबाई, तुम्ही शिकवली ना?"



"तिनं बराबर शिकवलं, फादरबाबा," कडूबा म्हणाला. "माझंच टकुरं जाड हाय. मी पुढल्या साली म्हणीन."

फादर गेले. कडूबा बाप्तिस्म्याविना तसाच राहिला. इतक्या दिवसांचं तिचं मागणं पुरं झालं होतं, आणि तिला भाकर गिळेना. पुन्हा एकदा खोटी साक्ष देऊन त्यानं तिचाच बदला तिच्या हातातून काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला विहिरीच्या वाटेवर गाठलं.

"कुणी सांगितलं होतं तुला खोटं बोलायला? सवय लागली का?"

"व्हय, खोटं बोललो. ती ओळ मला येती, वैनी. सांजेला अंधारात लिंबाखाली बसून रोज ऐकलीय. पयल्याच पहाटे कळलं मला. तुझं जातं तिथं रिकामं फिरतं."

"मंग म्हटली का न्हाईस?"

"तू दिली न्हाईस ना. तुझी हाय ती. मी कशी उचलू?"

ती विहिरीकडं निघून गेली. त्या वर्षी तिनं त्याला बोलावलं नाही. तो मात्र रोज पहाटे दाराशी येऊन बसायचा, तीच अर्धवट प्रार्थना म्हणायचा आणि उठून जायचा. तिला त्याचा राग येई, त्याच्या बसण्याचा राग येई, आणि रिकाम्या फिरणाऱ्या जात्याचा आवाज आता तिलाही ऐकू येऊ लागला होता.

पुन्हा कापूस फुटला तेव्हा एका पहाटे भाकरीची ओळ झाली आणि तिचा हात थांबला.  मग तिनं सुपातली ज्वारी मूठभर घेतली, जात्याच्या तोंडात टाकली आणि ती ओळ म्हटली. तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

कडूबानं मागून म्हटली, पुटपुटत.

"मोठ्यानं म्हण," झुंबरबाई त्याच्याकडं न पाहता म्हणाली. "जालन्याच्या मातीपर्यंत ऐकू गेलं पायजे."