आईच्या गालावरचं शेडिंग

आज सकाळी कपाट आवरताना जुन्या कंपासपेटीत कागदाची घट्ट सुरळी सापडली. तिचं टोक अजून पेन्सिलीने काळं आहे. नाकाशी धरली आणि शेवगावचं आमचं पत्र्याचं घर आठवलं.

आई जाऊन दहा दिवस झाले होते. तेराव्याला ठेवायला मी तिच्या एकुलत्या एका फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखून, त्यावरून कागदावर मोठं चित्र काढत होते. शेडिंगमध्ये रेघ दिसता कामा नये, असं चित्रकलेच्या बाईंनी शिकवलेलं. म्हणून आधी सुरळीने घासलं, मग कापसाने, शेवटी बोटाने. गाल सायीसारखा मऊ झाला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चित्रावर वाकले.

"लई देखनी काढलीस. पन गालावरचा भाजल्याचा डाग कुठंय गं?"

मला रागच आला. एवढ्या सुंदर चित्रात डाग कशाला हवा? त्या रागात मी फोटोवरच्या चौकटी इतक्या जोरात खोडल्या की त्यांच्याबरोबर त्या जुन्या फोटोतला आईचा चेहराही निघाला.

आता अण्णाही नाहीत. सकाळपासून चित्रासमोर बसले आहे. डाग उजव्या गालावर होता की डाव्या, काही केल्या आठवत नाही.