नूरबीच्या हाताखालचे तीन महिने

नागपूरला नर्सिंगच्या वर्गात मी पहिली आले होते, हे मेहकरला उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी चार जणांना सांगितलं. चौथी नूरबी होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती लसूण सोलत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं बाई. आता पाय धू. चिखल घेऊन आत येऊन राह्यली.”

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे शाळा-दवाखान्यांचे हुकूम नागपूरहून सुटायचे. आमच्या वर्गाच्या मुख्य बाईंनी कुठंतरी वाचलं होतं, की महिनोन्‌महिने खाटेवर पडलेला रोगी औषधानं निम्माच बरा होतो. उरलेला निम्मा खेळानं, गाण्यानं, हाताला काम मिळाल्यानं बरा होतो. झालं, लगेच प्रत्येक मुलीला तीन महिन्यांची उमेदवारी लागली. कागदावर त्याचं नाव होतं ‘रोग्यांची रमवणूक’. माझ्या वाट्याला मेहकरचा बायकांचा धर्मार्थ दवाखाना आला. अठरा खाटा, एक डॉक्टरीणबाई, आणि वर्ग असा कुठंच नाही.

“रमवणूक शिकायचीय ना? नूरबीच्या हाताखाली राहा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या थट्टा करतायत. नूरबी तिथली आया होती. तिला अक्षरओळख नव्हती. त्या रात्री मी घरी चार पानी पत्र लिहिलं आणि त्यात ‘अपमान’ हा शब्द तीनदा वापरला. आज ते पत्र हाती लागलं तर मी ते चुलीत घालीन.

नूरबी जातीची मणियार, म्हणजे बांगड्या भरणारी. नवरा शकूर बाजारात दुकान मांडून बसायचा आणि ही डोक्यावर टोपली घेऊन जानेफळपासून पार डोंगराकडच्या वाड्यांपर्यंत पायी हिंडायची. एका नागपंचमीला ती दवाखान्यात बांगड्या विकायला शिरली. काचेचा माल आत आणल्याबद्दल डॉक्टरीणबाई तिला हाकलायला धावल्या, आणि दारातच थबकल्या. हात भाजलेली एक बाई, जी पट्टी बदलताना किंचाळून दवाखाना डोक्यावर घ्यायची, ती नूरबीपुढं हात पुढं करून आपल्या सासूच्या तक्रारी सांगत होती आणि तिची आखडलेली बोटं नूरबी एकेक करून चोळत, वाकवत, उलगडत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला त्याच दिवशी कामावर ठेवलं. टोपली मात्र फाटकाबाहेर ठेवायला लावली.

“अवघड हातात बांगडी कशी जाते, सांग बरं,” नूरबीनं मला पहिल्याच दिवशी विचारलं.

“तेल लावून,” मी म्हणाले. वर्गात पहिली आलेली मी.

“तेलानं बांगडी फुटते अन् मनगट कापते. बाईले सासूचं विचारायचं. मंग सारा जोर जिभेत जाते, हात मोकळा राह्यते.”

हे मी वहीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर मनकर्णाबाई होत्या. जानेफळच्या. वय पन्नाशीचं, नाक तरतरीत, आवाज असा की सकाळी त्यांनी पाणी मागितलं की तहसीलीतला शिपाई उठून बसावा. आषाढात बैलांच्या बंडीवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड नीट जुळलं, हाताला बांधलेल्या बांबूच्या खपच्या निघाल्या, पण बोटं मिटेनात. चमचा धरता येईना, लुगड्याची निरी धरता येईना. आणि दसरा झाला की कापसाची वेचणी सुरू होणार होती.

वेचणीत बायका ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीची आपापली पाथ, म्हणजे वेचत जायचा पट्टा. ज्या बाईचा हात सगळ्यांत चलाख तिची पाथ पुढं, बाकीच्या तिच्यामागं. मनकर्णाबाई बावीस वर्षं पुढं होत्या. हात मिटला नाही तर त्यांच्या जागी सूनबाई येणार होती.

“सून पुढं चालन अन् मी शेताच्या धुऱ्यावर बसून तिचे लेकरं सांभाळीन,” त्या मला म्हणाल्या. “त्यापेक्षा पडली तवाच मेली असती तं बरं.” त्या हे रागानं म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

माझ्या वहीत उपाय होता. मी रबराचा चेंडू काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. दर दोन तासांनी वीस वेळा दाबायचा. मनकर्णाबाई हाताकडे टक लावून बघायच्या, मीही बघायची, शेजारच्या दोन खाटा माना लांब करून बघायच्या, आणि हात जो लाकडासारखा व्हायचा तो चेंडू खाली पडेपर्यंत तसाच. चार दिवसांत तो चेंडू मांजरानं पळवला. मांजर त्याच्याशी मनापासून रमलं, एवढंच.

“हाताले असं पाहू नको,” नूरबी म्हणाली. “नव्या नवरीवानी लाजते तो.”

मग तिनं पैनगंगेच्या वाळूतले पाच गुळगुळीत गोटे आणले आणि दुपारी व्हरांड्यात सागरगोट्यांचा डाव मांडला. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईतो बाकीच्यांतला एक उचलायचा, मग दोन, मग तीन. उचलताना शेजारचा गोटा हलला की डाव बाद. ज्यांना बसता येत होतं त्या सगळ्या बायका आल्या. मनकर्णाबाई म्हणाल्या, हा पोरींचा खेळ आहे, मला पाच नातवंडं आहेत. तरी दुसऱ्या दिवशी त्यांची खाट आपोआप दाराजवळ सरकली होती, आणि तिसऱ्या दिवशी त्या डाव्या हातानं खेळायला बसल्या. नूरबीनं मला डोळ्यांनी खुणावलं, की आता हिच्याशी तू खेळ, आणि ती औषधाच्या बाटल्या धुवायला गेली.

इथं मी माती खाल्ली. मनकर्णाबाईंनी उजवा हात जरासा पुढं आणला, आणि माझं काळीज विरघळलं. मी मुद्दाम गोटे पाडायला लागले. एक पाडला, दोन पाडले, वर उडवलेला झेललाच नाही. “अरे वा! तुम्हीच जिंकलात!” असं म्हणून मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. रोग्याचा उत्साह वाढवावा, असं पुस्तकात होतं.

मनकर्णाबाईंनी पाचही गोटे डाव्या हातानं गोळा केले आणि माझ्या ओटीत टाकले.

“मले भीक वाढून राह्यली का वं?”

त्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. संध्याकाळी त्यांनी निरोप पाठवला, की येत्या बाजाराला भगवंतरावानं बंडी घेऊन यावं. भगवंतराव त्यांचा थोरला मुलगा. बाजाराला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, नूरबीशीही नाही, आणि उजवा हात त्यांनी पदराखाली घालून ठेवला.

मी नूरबीजवळ रडले. वाटलं होतं, ती समजूत काढील. “रड, पण तिकडं जाऊन रड, वरण खारट नको करू,” ती म्हणाली. मग वरण ढवळत म्हणाली, “सारे तिले हरवूनच राह्यले आहेत, बेटी. हाड, वय, सून. अन् तू म्हणते, घ्या, मी हरतो. वाघिणीले कोनी गवत टाकते का?”

बाजाराच्या दिवशी सकाळीच बंडी फाटकाशी लागली. मनकर्णाबाईंचं गाठोडं बांधून तयार होतं. भगवंतराव भला माणूस. आईला काय बोलावं ते न कळून बैलांच्या शिंगांवरून हात फिरवत बाहेर उभा होता. डॉक्टरीणबाई कागद लिहीत होत्या. आणि व्हरांड्यात, मनकर्णाबाईंच्या जाण्याच्या वाटेवर बरोब्बर मधोमध, नूरबी माझ्याशी सागरगोट्यांचा डाव मांडून बसली होती. मला तिनं दंडाला धरून बसवलं होतं.

नूरबी लबाडी करत होती. आणि लपूनछपून नाही. गोटा हलला तरी “नाही हालला” म्हणायची. खाली पडलेला झेलला म्हणून मोजायची. दोन उचलायचे तिथं तीन उचलायची आणि आकाशाकडे बघायची. मी म्हणाले, “नूरबी, हे बाद आहे!” तर माझ्यावरच उलटली, “नागपूरचं नागपूरले ठेव. अठी असंच खेळतात.”

गाठोडं काखेत मारून मनकर्णाबाई आमच्याजवळ येऊन थांबल्या. त्यांना जायला वाट नव्हती, आणि त्यांचं लक्ष गोट्यांवर होतं.

“हालला,” त्या म्हणाल्या. पाच दिवसांतला हा पहिला शब्द.

“नाही हालला,” नूरबी.

“माह्या डोयानं पाह्यला. हालला!”

“तुमचे डोये बी हातावानीच झाले काय?”

 असं बोलणं मला जन्मात जमलं नसतं. मनकर्णाबाईंच्या हातून गाठोडं पडलं. त्या धप्पकन खाली बसल्या. नूरबीनं पुन्हा गोटा उडवला, पुन्हा शेजारचा ढकलला, आणि गोटे मुठीत दाबून हात मागं घेऊ लागली, तेवढ्यात मनकर्णाबाईंनी झडप घातली आणि तिचं मनगट पकडलं.

उजव्या हातानं.

“उघड मूठ! लबाड कुठची! उघड म्हणतो ना!”

“नाही उघडत!”

कडाकड आवाज झाला. नूरबीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्या पकडीत फुटल्या, एक नाही, सात. काचा व्हरांडाभर उडाल्या, नूरबीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला, आणि ती, जिनं काचेमुळं कुणाला ओरखडासुद्धा येऊ दिला नव्हता, ती आनंदानं ओरडत होती, “दाब, अजून दाब! लबाडाले सोडते का कोनी!”

मनकर्णाबाईंनी तेव्हा कुठं खाली पाहिलं. आपली पाचही बोटं दुसऱ्या बाईच्या मनगटाभोवती मिटलेली त्यांनी पाहिली. लगेच ती ढिली पडली, दुखूनही आली असावीत.  मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही.

मनकर्णाबाईंनी तो हात मांडीवर घेतला. मग फाटकाकडे तोंड करून त्यांनी जो आवाज दिला, त्यानं बैल दोन पावलं मागं सरले.

“भगवंता! बंडी वापस ने. या मणियारणीची लबाडी उतरवल्याबिगर मी घरी येत नाही!”

त्यानंतर दीड महिना माझी खरी उमेदवारी झाली. नूरबीला बाकीच्या खाटाही होत्या, त्यामुळं मनकर्णाबाईंशी लबाडी करण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि माझ्या हे लक्षात आलं की मला लबाडी येत नाही. गोटा हलला की माझे कान लाल व्हायचे. “चोरी करून कोतवालाजवळ जाऊन बसल्यावानी तोंड करते ही,” नूरबी म्हणायची. रोज सकाळी बाटल्या धुताना ती माझ्याकडून ‘नाही हालला’ हे घोकून घ्यायची, कधी रागानं, कधी हसून, कधी अगदी साळसूदपणे. दहाव्या दिवशी मला ते जमलं. मनकर्णाबाईंनी माझी वेणी ओढली, उजव्या हातानं. इतका अभिमान मला वर्गात पहिली आल्यावरही वाटला नव्हता.

दसऱ्याला भगवंतराव पुन्हा आला आणि या खेपेला आईला घेऊन गेला. हात मिटत होता, पण दिवसभर वेचणी झेपेल का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. मनकर्णाबाईंनी पाचही गोटे मात्र पदराच्या गाठीत बांधून नेले.

माझी मुदत संपायला आली. नागपूरच्या कागदावर एक रकाना होता: उमेदवाराने कोणते कौशल्य संपादन केले? डॉक्टरीणबाईंनी नूरबीला वाचून दाखवलं. नूरबीनं खूप विचार केला. “लबाडी,” ती म्हणाली. “पण कच्ची हाये अजून.” डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता लिहिलं, ‘रोग्यांशी खेळण्यातील चातुर्य, समाधानकारक.’

निघण्याच्या आदल्या दिवशी नूरबी बांगड्यांची टोपली घेऊन जानेफळला निघाली आणि मलाही सोबत घेतलं. रस्त्याभर मी घोकत होते, की मनकर्णाबाई भेटल्या तर काय बोलायचं. आणि त्या धुऱ्यावर लेकरं घेऊन बसलेल्या दिसल्या तर काय बोलायचं.  नूरबीचीही पावलं त्या दिवशी जड पडत होती.

गावाच्या अलीकडेच शेत लागलं. पांढरंशुभ्र फुटलं होतं. धुऱ्यावर झोळीत एक लेकरू निजलं होतं आणि झोळीला झोका द्यायला एक म्हातारी बसली होती.  जवळ गेलो तर ती कुणी वेगळीच.

बायकांची ओळ शेताच्या पार मध्यावर पोचली होती. ओळीच्या पुढं, दोन हात पुढं, मनकर्णाबाई. दोन्ही हात चालत होते. उजवा थोडा मागं रेंगाळायचा, आणि मग तोही बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकायचा.

“मनकर्णाबाई!” मी ओरडले.

त्यांनी मान वर केली. आम्हाला ओळखलं. हसतील, धावत येतील, हात दाखवतील असं मला वाटलं.

“उभ्या काऊन राह्यल्या?” तिकडून आवाज आला. “ओट्या बांधा अन् मागच्या पाथी धरा. कापूस गयून राह्यला!” आणि त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

नूरबी हसता हसता खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, “पाह्य बेटी, आपल्याकडं पाहाले बी फुरसत नाही तिले.” मग उठून तिनं टोपली झाडाखाली ठेवली आणि पदर खोचला.

मीही ओटी बांधली. दुपार होईतो मनकर्णाबाई शेताच्या त्या टोकाला पोचून नव्या पाथीला लागल्या होत्या. मी पहिलीच्या निम्म्यात होते, बोटं बोंडांनी सोलवटली होती, आणि माझ्यासाठी कुणीही थांबलं नव्हतं.